ऋषीचें कूळ आणि गांवची पांढरी

१

नदीचें मूळ आणि ऋषीचें कूळ शोधूं नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. म्हण शहाणपणाची खरी, पण ती पाळणारे विरळा. पोटापाण्याच्या विवंचनेंतून मनुष्य जरा मोकळा झाला कीं आपण कोण आणि आपले पूर्वज कोठून आले, हा प्रश्न त्याला सुचतोच. आणि मौज अशी कीं, उत्तर जितकें लांबच्या मुलखांतून यावें तितकें तें त्याला अधिक मानाचें वाटतें. शेजारच्या शिवेवरचा पूर्वज कोणालाच नको असतो. तो समुद्रापलीकडून, निदान एखाद्या पुराणप्रसिद्ध क्षेत्रांतून आलेला हवा.

नाशिकहून पुण्याकडे निघालें म्हणजे वाटेंत सिन्नर लागतें. आज तें कारखान्यांचें आणि तालुक्याच्या कचेऱ्यांचें गांव आहे. परंतु गोंदेश्वराचें देऊळ तेथें अजून उभें आहे. उंच जोत्यावर मधोमध शंकराचें मुख्य देऊळ, चार कोपऱ्यांस पार्वती, गणपति, सूर्य व विष्णु यांचीं लहान देवळें आणि समोर नंदीचा मंडप, असें हें पंचायतन काळ्या दगडांत बांधलेलें आहे. भूमिज पद्धतीच्या शिखरावर लहान लहान शिखरांच्या ओळी खालून वर चढत गेलेल्या दिसतात. आम्ही सिन्नरकर मंडळी पाहुण्यास प्रथम तेथें नेतों, आणि नेलें म्हणजे एक वाक्य ठरल्याप्रमाणें सांगतों: ‘हें यादवांचें गांव, यादव म्हणजे श्रीकृष्णाच्या कुळांतले.’ हें वाक्य मींही पुष्कळांना सांगितलें आहे. एकदां एका पाहुण्यांची शाळकरी मुलगी बरोबर होती. तिनें तें नीट ऐकून घेतलें आणि विचारलें, ‘मग यादव यायच्या आधीं इथें कोण राहत होतें?’ त्या वेळीं मला धड उत्तर देतां आलें नाहीं. त्या उत्तराचा हा उशिरा केलेला प्रयत्न आहे.

२

प्रथम यादवांचीच हकीकत पाहूं. नवव्या शतकांत दृढप्रहार नांवाचा पुरुष या भागांत उदयास आला. वसईच्या इ. स. १०६९ च्या ताम्रपटांत त्याचें ठाणें चंद्रादित्यपूर असें दिलें आहे, आणि तें म्हणजे आजचें चांदवड, असें समजतात. त्याचा मुलगा सेउणचंद्र यानें सेउणपूर वसविलें. त्याच्याच नांवावरून या मुलखास सेउणदेश म्हणूं लागले. सेउणपूर म्हणजेच सिन्नर, असें पुष्कळ विद्वानांचें मत आहे. संगमनेरास मिळालेला दुसऱ्या भिल्लमाचा ताम्रपट शके ९२२ चा, म्हणजे इ. स. १००० चा आहे. पुढें बाराव्या शतकाच्या अखेरीस पांचव्या भिल्लमानें देवगिरीस राजधानी केली आणि सिन्नरचें वैभव ओसरलें.

हे राजे आपल्या लेखांत ‘द्वारावतीपुरवराधीश्वर’ म्हणजे द्वारकेचे स्वामी असें बिरुद लावीत. हेमाद्रि पंडितानें व्रतखंडाच्या प्रशस्तींत त्यांची वंशावळ चंद्रापासून यदूपर्यंत आणि यदूपासून दृढप्रहारापर्यंत जोडून दिली आहे. सुबाहु नांवाच्या राजानें चार मुलांत राज्य वांटलें आणि दुसऱ्यास, म्हणजे दृढप्रहारास, दक्षिण मिळाली, असें तो सांगतो. परंतु याच राजांचे शेंकडों शिलालेख कानडींत आहेत आणि त्यांच्या नाण्यांवरही कानडी अक्षरें आढळतात. तेव्हां हें घराणें खरोखर उत्तरेकडून आलें कीं दक्षिणेंतल्याच एखाद्या सामंतकुळानें मोठेपणा आल्यावर मोठें कूळ जोडून घेतलें, याविषयीं विद्वानांत वाद आहे.

याच दृढप्रहाराची आणखी एक कथा चौदाव्या शतकांतील जैन आचार्य जिनप्रभसूरि यांनीं विविधतीर्थकल्पांत, नाशिकचें माहात्म्य सांगतांना दिली आहे. द्वारका जळून नष्ट झाली तेव्हां यादवकुळांतील वज्रकुमार नामक पुरुषाची गरोदर पत्नी त्यांतून वांचली. तिनें नाशिकास चंद्रप्रभ तीर्थंकराचा आश्रय केला आणि तेथें दृढप्रहार जन्मला. येथवरची कथा अद्भुत आहे. तिचा शेवट मात्र अगदीं आपल्या गांवांतला वाटतो. चोरांनीं गांवचीं गुरें पळवून नेलीं. दृढप्रहारानें एकट्यानें पाठलाग करून तीं सोडवून आणलीं. लोकांनीं खूष होऊन त्याला नगराच्या रखवालीचें काम दिलें. कथाकारानें द्वारकेचा जाळ सांगितला, पण राजवंशाची पहिली पायरी म्हणून गुरांची राखणच सांगितली. ज्या लोकांचीं गुरें त्यानें सोडविलीं ते लोक द्वारकेहून आले नव्हते. ते येथेंच होते. त्यांचीं नांवें कोणीं लिहून ठेवलीं नाहींत, एवढेंच.

जळत्या नगरींतून निसटलेल्या राजवंशाची ही कथा ऐकली म्हणजे रोमची आठवण होते. ट्रॉय नगर ग्रीकांनीं जाळलें तेव्हां ईनीअस हा वीर वृद्ध बापास खांद्यावर घेऊन आणि लहान मुलास हाताशीं धरून बाहेर पडला, समुद्र ओलांडून इटलींत आला आणि त्याच्या वंशांत रोमचा संस्थापक रोम्युलस जन्मला, असें रोमन लोक मानीत. ज्यूलियस सीझरचें घराणें तर आपली उत्पत्ति थेट ईनीअसच्या मुलापासून सांगे; आणि सीझरचा वारस ऑगस्टस गादीवर असतां व्हर्जिल कवीनें त्या कथेचें महाकाव्य केलें. तेथेंही शेवट पुन्हां गोठ्यापाशींच येतो. रोम्युलस व त्याचा भाऊ टाकून दिलेलीं मुलें. त्यांना सांभाळतो एक गुराखी. दोन्ही देशांत राजा लांबून येतो, आणि दोन्ही देशांत त्याला उभें राहण्यास गुराख्यांची भूमि लागते.

३

सिन्नरच्या गोष्टींत रोम कशाला, असें वाचकांस वाटण्याचा संभव आहे. त्याचें कारण केवळ कथांचें साम्य नव्हे. आपला ‘सात’ आणि लॅटिनचा ‘सेप्टेम’, आपली ‘माता’ आणि लॅटिनची ‘मातेर’ हे शब्द एकाच घरचे आहेत, ही गोष्ट अठराव्या शतकाच्या अखेरीपासून युरोपीय पंडितांच्या ध्यानांत आली. भाषा एका घरच्या, तर ती बोलणारीं माणसेंही एका घरचीं. आणि माणसें एका घरचीं, तर तें घर कोठें होतें, हें शोधलें पाहिजे: अशी विचारांची सांखळी मग तयार झाली. इटलींत आणि महाराष्ट्रांत दोन्हीकडे ती थोर विद्वानांनीं हातांत घेतली.

प्राचीन इटलींत एकच लोक नव्हते. टायबर नदीच्या कांठीं लॅटिन, त्यांच्या शेजारीं डोंगरांत सॅबाइन, उत्तरेस अंब्रियन, दक्षिणेच्या पहाडांत ऑस्कन भाषा बोलणारे सॅम्नाइट, असे अनेक समाज होते. यांच्या भाषा एकमेकींच्या बहिणी म्हणून यांना मिळून इटॅलिक लोक म्हणतात. मध्येंच एट्रुस्कन लोक होते. त्यांची भाषा मात्र या कुटुंबांतली नव्हे. दक्षिणेच्या किनाऱ्यावर ग्रीकांनीं वसाहती केल्या होत्या. हे इटॅलिक लोक आले कोठून, या प्रश्नास एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत लुईजी पिगोरीनी या पुराणवस्तुशास्त्रज्ञानें एक ठाम उत्तर दिलें. पो नदीच्या खोऱ्यांत जुन्या वस्त्यांचीं टेंकाडें होतीं. त्यांतली काळसर माती खतासाठीं उत्तम म्हणून शेतकरी ती खणून नेत, आणि त्या मातीवरूनच त्या स्थळांस ‘तेर्रामारे’ हें नांव पडलें होतें. पिगोरीनीच्या मतें आल्प्स पर्वत उतरून आलेल्या लोकांनीं तीं गांवें खंदक, तट आणि काटकोनांत छेदणारे रस्ते आंखून वसविलीं. पुढें तेच लोक दक्षिणेस गेले आणि लॅटिन झाले. रोमन सैन्याची चौकोनी छावणी ही त्याच आंखणीची आठवण होय. उपपत्ति इतकी सुबक होती कीं एक पिढीभर ती पाठ्यपुस्तकांत राहिली. इ. स. १९३९ मध्यें सेफ्लुंड या स्वीडिश संशोधकानें जुन्या उत्खननांची फेरतपासणी केली, तेव्हां ती चौकोनी आंखणी जमिनींत जितकी होती त्यापेक्षां पाहणाराच्या मनांत अधिक होती, असें दिसून आलें.

आपल्याकडे इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनीं महाराष्ट्राच्या वसाहतकालाचा विचार केला. महाराष्ट्रिक, राष्ट्रिक व वैराष्ट्रिक असे लोक उत्तरेकडून दंडकारण्यांत उतरले, येथील नागांशीं त्यांचें मिश्रण झालें आणि त्यांतून मराठे निर्माण झाले, असा त्यांचा सिद्धान्त होता. शब्दांच्या व्युत्पत्ति, गांवांचीं नांवें, व्याकरणकारांचे उल्लेख, हीं त्यांचीं साधनें. त्यांच्या परिश्रमास तोड नाहीं, आणि मिश्रणाची गोष्ट त्यांनीं मोकळेपणानें मांडली हें त्यांचें धैर्य होय. पण कुदळ अजून लागलेली नव्हती. पिगोरीनी १९२५ सालीं वारला, राजवाडे १९२६ सालीं. दोघांच्याही सिद्धान्तांत वसाहत म्हणजे रिकाम्या किंवा रानटी मुलखांत बाहेरून आलेल्या सुसंस्कृत लोकांचें आगमन, असें चित्र होतें. त्या मुलीचा प्रश्न दोघांनींही पुरता विचारला नव्हता.

४

पुढें तो प्रश्न जमिनीलाच विचारण्यांत आला, आणि योगायोग असा कीं दोन्ही देशांत जवळजवळ एकाच वेळीं. इ. स. १९४८ मध्यें रोमच्या पॅलाटाइन टेंकडीवर उत्खनन झालें. तेथें खडकांत खणलेले खुंटांचे खळगे सांपडले. संगमरवरी महालांच्या खालीं, ख्रिस्तपूर्व आठव्या शतकाच्या सुमारास, लांकडी खांबांवर उभारलेल्या, कुडाच्या भिंतींच्या आणि गवतानें शाकारलेल्या झोंपड्या होत्या. रोमन लोक याच टेंकडीवर रोम्युलसची म्हणून एक झोंपडी जपून ठेवीत व तिचें छप्पर वेळोवेळीं शाकारीत, असें जुने ग्रंथकार लिहितात. ट्रॉयचा मागमूस तेथें नव्हता. सांपडलें तें गुराख्यांचें खेडें.

इ. स. १९५०–५१ मध्यें पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. ह. धी. सांकळिया आणि डॉ. शां. भा. देव यांनीं नाशिक येथील गोदेकांठची जुनी गढी आणि जोर्वे येथील टेंकाड खणलें. जोर्वे हें संगमनेर तालुक्यांतील प्रवरेच्या कांठचें गांव. सिन्नरहून नांदूर-शिंगोट्यावरून संगमनेरास उतरलें म्हणजे तें फारसें लांब नाहीं. तेथें तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी सांपडल्या, गारगोटीच्या जातीच्या दगडाचीं बारीक पातीं सांपडलीं, आणि एका विशिष्ट घडणीचीं मातीचीं भांडीं सांपडलीं: चाकावर घडविलेलीं, तांबूस रंगाचीं, काळ्या रेषांनीं चितारलेलीं, आणि इतकीं कडक भाजलेलीं कीं टिचकी मारली तर धातूसारखा नाद निघावा. तोटी असलेला चंबू आणि कंगोरा असलेला वाडगा हे त्यांतले विशेष. या गांवच्या नांवावरून त्या संस्कृतीस जोर्वे संस्कृति हें नांव पडलें. तिचा मुख्य काळ इ. स. पू. १४०० ते १०००. तापी, गोदावरी, प्रवरा, घोड, भीमा यांच्या खोऱ्यांत तिचीं दोनशेंहून अधिक स्थळें आढळलीं आहेत. कोकण आणि विदर्भाचा बराचसा भाग वगळतां सारा महाराष्ट्र तिच्या कक्षेंत येतो.

तिच्याही आधीं वस्ती होतीच. श्रीरामपूर तालुक्यांतील दायमाबाद येथें एकावर एक पांच थर लागले. तळाशीं इ. स. पू. २२०० च्या सुमाराचे, तापीकांठच्या सावळद्याच्या नांवानें ओळखले जाणारे लोक. त्यांच्यावर उत्तरकालीन हडप्पा संस्कृतीचे. नंतर खास दायमाबादचा म्हणून ओळखला जाणारा थर. नंतर माळव्याच्या वळणाचीं भांडीं वापरणारे. आणि सर्वांत वर जोर्वे. इ. स. १९७४ मध्यें तेथें एका भिल्ल शेतकऱ्यास झाडाचें मूळ खणतांना चार ओतीव वस्तु मिळाल्या: बैलजोडीचा रथ व त्यांत उभा असलेला मनुष्य, हत्ती, गेंडा आणि म्हैसा. चारही मिळून वजन साठ किलोहून अधिक. म्हणजे त्या मुलीस द्यावयाचें पहिलें उत्तर असें: दृढप्रहाराच्या आधीं सुमारें तीन हजार वर्षें या नद्यांच्या कांठीं शेतकरी राहत होते.

५

ते कसे राहत, याचें सर्वांत भरघोस चित्र शिरूर तालुक्यांतील घोडकांठच्या इनामगांवीं मिळालें. तेथें इ. स. १९६८ पासून बारा-चौदा वर्षें उत्खनन चाललें, सांकळियांबरोबर म. के. ढवळीकर व झै. दा. अन्सारी यांनीं तें चालविलें. शंभरांहून अधिक घरें उघडीं झालीं. सुरवातीचीं घरें चौकोनी, बुटक्या मातीच्या भिंतींचीं आणि कुडाचीं. शेतांत मुख्य पीक सातूचें. शिवाय गहूं, मसूर, वाटाणा आणि हुलगा. गुरें वशिंडाचीं. पुराचें पाणी वळविण्यासाठीं काढलेला पाट आणि त्याच्या कडेचा बांधही सांपडला. आमच्या देवनदीवर बंधारे घालून पाट काढण्याची जुनी रीत ज्यांनीं पाहिली आहे त्यांना हें वाचून निराळेंच वाटेल. गांवांत एक पांच खोल्यांचें मोठें घर होतें आणि त्याला लागून धान्याचें कोठार. तेथें पुरलेला मनुष्य चार पायांच्या, पोट फुगलेल्या मोठ्या रांजणांत बसविलेला होता. तो गांवचा प्रमुख असावा, असा तर्क आहे.

इतर प्रौढ माणसांना उत्तरेस डोकें करून घरांतच जमिनीखालीं पुरीत, आणि पुष्कळदां घोट्याखालचीं पावलें तोडून टाकीत. मेलेला माणूस भूत होऊन चालत जाऊं नये, असा हेतु असावा. लहान मुलांची रीत वेगळी. दोन मडकीं तोंडाला तोंड लावून आडवीं ठेवावयाचीं आणि त्यांच्या पोटांत मूल निजवावयाचें. खड्डा घराच्या जमिनींतच घ्यावयाचा. ज्या जागीं आई दळीत-कांडीत असे त्या जागेखालींच तिचें गेलेलें मूल असे. नेवाशास एका मुलाच्या गळ्यांत तांब्याच्या मण्यांची माळ तशीच राहिली होती. मणी ज्या दोऱ्यांत ओंवले होते तो रेशीम व कापूस यांचा असल्याचें तपासणींत आढळलें. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीं कोणींतरी तो दोरा कांतला आणि मुलाच्या गळ्यांत बांधला. ज्या नेवाशास पुढें इ. स. १२९० मध्यें, रामदेवराव यादवाच्या राज्यांत, ज्ञानेश्वरी सांगितली गेली, त्याच गांवच्या मातीखालीं ही माळ होती.

इटलींतही लहान मुलांची रीत निराळी होती. बोलोन्याजवळच्या व्हिल्लानोव्हा येथें इ. स. १८५३ मध्यें सांपडलेल्या दफनभूमीवरून जी संस्कृति ओळखली जाते तिचे लोक प्रेत जाळून रक्षा मडक्यांत भरीत. लॅटिन लोक तर कधीं कधीं झोंपडीच्याच आकाराचें मडकें करीत. त्याला दार असे, छपराचे वांसे दाखविलेले असत. मेलेल्यास पुन्हां घर द्यावें, हीच भावना. अर्भकें मात्र ते जाळीत नसत. झोंपडीच्या आसपास पुरीत. आपल्याकडेही तान्हें मूल गेलें तर आजही त्याला अग्नि देत नाहींत. या साम्यावरून कोणी दोन्हीकडचे लोक एकाच वंशाचे ठरवूं म्हणेल तर तें चुकीचें होईल. दोन्हीकडे आयाच होत्या, एवढें त्यावरून ठरतें.

६

येथें एका मोहापासून सावध राहिलें पाहिजे. द्वारकेची वंशावळ सोडून दिली, आतां जोर्व्याची धरूं, आणि आम्ही त्या सातू पेरणाऱ्यांचे थेट वंशज, असें छातीठोकपणें सांगूं, असें मनांत येणें साहजिक आहे. पुरावा तेवढें बळ देत नाहीं. इ. स. पू. १००० च्या सुमारास गोदावरी-प्रवरेकांठचीं जोर्वे संस्कृतीचीं गांवें ओस पडलीं. इनामगांव आणखी कांहीं शतकें तग धरून राहिलें. पण तेथें चौकोनी घरें जाऊन गोल झोंपड्या आल्या, सातू कमी झाला, शिकार वाढली, आणि इ. स. पू. ७०० च्या सुमारास तेंही उठलें. पाऊस कमी होत गेला आणि शेती सोडून लोक गुरांमागें भटकूं लागले, असें ढवळीकरांनीं अनुमान केलें आहे. दुष्काळानें गांव उठल्याची गोष्ट सिन्नरच्या पूर्वभागांत कोणास समजावून सांगावी लागत नाहीं. नाशिकास आणि नेवाशास या थरावर कांहीं काळ वस्ती दिसत नाहीं. पुन्हां वस्ती लागते ती लोखंड आणि नाणीं घेऊन. मधल्या काळांत विदर्भांत माहुरझरी, नायकुंड, जुनापाणी येथें दगडांचीं वर्तुळें रचून मृतांस पुरणारे, लोखंड गाळणारे आणि घोडे बाळगणारे लोक होते. ओस गांवचे शेतकरी कोठें गेले, नव्या गांवांत त्यांचीं नातवंडें किती होतीं, हें मडक्यांवरून मोजतां येत नाहीं.

मडक्यांवरून माणसें ठरविण्याचा धोका इटलीनेंच दाखवून दिला आहे. इ. स. १९०२ मध्यें बोनी या वास्तुशास्त्रज्ञानें रोमच्या फोरमखालीं एक फार जुनी दफनभूमि खणली. तींत कांहीं मृत जाळलेले, कांहीं पुरलेले. झालें! जाळणारे ते लॅटिन, पुरणारे ते सॅबाइन, आणि या दोहोंच्या मीलनांतून रोम. परंपरागत कथेशीं किती छान जुळतें! पुढें कळून आलें कीं हा फरक दोन जमातींचा नसून बराचसा काळाचा आणि वयाचा आहे. एट्रुस्कनांची गोष्ट तर याहून बोलकी आहे. ते आशियांतील लिडियाहून आले असें हिरोडोटस सांगतो. ते तेथलेच, असें हॅलिकार्नेससचा डायोनीसियस सांगतो. दोन हजार वर्षें हा वाद चालला. इ. स. २०२१ मध्यें त्यांच्या जुन्या हाडांतील आनुवंशिक द्रव्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एट्रुस्कन हे शेजारच्या लॅटिनांसारखेच, त्याच भूमींत मुरलेल्या मिश्र रक्ताचे ठरले. आशियांतून नुकते आल्याची खूण त्यांत आढळली नाहीं. भाषा पूर्ण परकी, रक्त शेजाऱ्याचेंच! भाषा एक म्हणून वंश एक, ही शंभर-दीडशें वर्षांची सांखळी येथें तुटते.

तर मग लोक म्हणजे काय? याचें उत्तर नांवांच्या इतिहासांतून थोडेंसें मिळतें. इ. स. पू. ९१ मध्यें रोमच्या इटॅलिक मित्रांनीं नागरिकत्वाच्या हक्कासाठीं रोमशीं युद्ध आरंभिलें. त्यांनीं आपलीं नाणीं पाडलीं. एकावर इटलीचा बैल रोमच्या लांडग्यास तुडवितो आहे, आणि ऑस्कन अक्षरांत ‘विटेलिउ’ असें देशाचें नांव आहे. विटेलिउ म्हणजे वांसरांचा देश, असा त्या नांवाचा अर्थ प्राचीन काळापासून लावतात. म्हणजे ‘आम्ही इटालियन’ हें भान त्या लोकांस इटलींत शतकानुशतकें राहिल्यावर, एका समान गाऱ्हाण्यांतून आलें. आपल्याकडे अशोकाच्या लेखांत रठिक येतात, नाणेघाटाच्या लेखांत महारठी येतो, आणि ‘महाराष्ट्रक’ हें देशाचें नांव इ. स. ६३४ च्या ऐहोळेच्या शिलालेखांत नव्याण्णव हजार गांवांसह येतें. गांवें आधींचीं, नांव मागाहूनचें. नाशिकच्या लेण्यांत गौतमी बलश्रीनें आपल्या मुलाचा, गौतमीपुत्र सातकर्णीचा, पराक्रम कोरून ठेवला तो प्राकृतांत. यादवांनीं कानडींतही लेख कोरले आणि त्यांच्याच राज्यांत मराठी ग्रंथभाषा झाली. येथें आलेला कोणीही जसाच्या तसा राहिला नाहीं. या भूमीनें त्याला आपलें धान्य खावयास लावलें आणि आपली बोली शिकविली.

७

आमच्या खेड्यांत जमिनीचे दोन भाग मानतात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेत. पांढरी म्हणजे गांवठाण. पिढ्यान् पिढ्या चुलींची राख, पडक्या भिंतींची माती आणि गुरांचें शेण मुरून गांवठाणाची माती पांढरट होते. जुन्या कागदांत ‘समस्त पांढरी’ असें येतें तेव्हां त्याचा अर्थ माती नसून गांवची सारी मंडळी असा असतो. आपल्या भाषेनें वस्ती आणि वस्तीची माती यांना एकच शब्द दिला आहे. पुराणवस्तुशास्त्रज्ञ ज्याला टेंकाड म्हणतात तें दुसरें कांहीं नाहीं, ओस पडलेली पांढरी होय.

ही पांढरी खत म्हणून उत्तम. पो नदीचा शेतकरी जसा आपल्या टेंकाडांची माती गाड्या भरून नेई, तसाच आमचा शेतकरीही उन्हाळ्यांत नेत आला आहे. माझ्या लहानपणीं अशा मातीच्या गाडीमागें चालतांना खापरांचे तुकडे वेंचणें हा आम्हां मुलांचा खेळ होता. तांबूस, काळी रेघ असलेला तुकडा मिळाला तर तो भिंगरीसाठीं घांसावयाचा. त्यांत दोष कोणास द्यावा? काळीला पांढरीची माती घालणें म्हणजे पूर्वजांनीं नातवंडांस दिलेलें खतच. पण आतां बैलगाडीच्या जागीं यंत्रें आलीं आहेत, आणि जें टेंकाड शंभर वर्षें पुरलें असतें तें एका उन्हाळ्यांत सपाट होतें. राजांच्या वंशावळी ताम्रपटांत सुरक्षित आहेत. पांढरीची वंशावळ तिच्या थरांतच आहे, आणि ती एकदां शेतांत पसरली कीं कोणास वाचतां येत नाहीं.

त्या मुलीस आतां मी असें सांगेन. यादवांच्या आधीं येथें राष्ट्रकूटांची प्रजा राहत होती. तिच्या आधीं सातवाहनांची. आणि त्याच्याही कितीतरी आधीं सातू पेरणारे, तांबूस मडकीं भाजणारे, मुलांच्या गळ्यांत रेशमी दोरा बांधणारे लोक प्रवरा-गोदेच्या कांठीं राहत होते. कोणी तापीकडून आले, कोणी माळव्याकडून, कोणी सिंधूच्या वाटेनें. कोणी दुष्काळांत उठून गेले आणि कोणाचीं नातवंडें परत आलीं. जुन्या गांवगाड्यांत वतनाचा धनी तो मिरासदार आणि बाहेरून येऊन कसणारा तो उपरी. पांढरीचे थर पाहिले म्हणजे कळतें कीं प्रत्येक मिरासदार कधींकाळीं उपरीच होता. मिरास त्याला वंशानें मिळाली नाहीं. येथें राबून, येथें आपलीं माणसें पुरून ती मिळाली.

गोंदेश्वरास पाहुणे यापुढेंही न्यावयाचेच. त्या शिखरासारखें शिखर जवळपास नाहीं, आणि द्वारकेची कथाही सांगावयाची, कारण ती यादवांस स्वतःस प्रिय होती. पण ती सांगून झाल्यावर त्याच वाटेनें पुढें संगमनेरास आणि तेथून जोर्व्यास जावें. तेथें पाहण्यासारखें देऊळ नाहीं. प्रवरेचा कांठ आहे, शेतें आहेत, आणि पायाखालीं पांढरी आहे.